साडेचार हजार वर्षांपूर्वीची पाणंद

पाणंद कुणी बांधत नाही. तिचा नकाशा आधी काढलेला नसतो, तिच्यावर मुरूम टाकलेला नसतो. दोन्ही बाजूंना शेतं, शेतांना बांध, बांधावर निवडुंग नाहीतर घायपात, आणि मधे गुरांना, गाड्यांना, माणसांना गावाबाहेर पडायला राखलेली चिंचोळी पट्टी. उन्हाळ्यात खुरांखाली तिथल्या मातीची भुकटी होते आणि वारा ती उडवून नेतो. पावसाळ्यात गावातलं पाणी याच पट्टीतून ओढ्याकडे धावतं आणि उरलेली सैल माती सोबत घेऊन जातं. वर्षाला बोटभरही झीज होत नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या हे चालत राहतं, आणि मग पाणंदीतून जाणाऱ्या माणसाला शेजारच्या शेतातली ज्वारी डोक्याच्या वर डोलताना दिसते. जुनी पाणंद ओळखायची खूण हीच. ती शेतापेक्षा खाली असते.

या लेखातली पाणंद मात्र आपल्या मुलखातली नाही. ती सीरियाच्या ईशान्य कोपऱ्यातली, फरात नदीला मिळणाऱ्या खाबूर नदीच्या खोऱ्यातली आहे. साडेचार हजार वर्षांपूर्वी तिथल्या शहरांतून आणि खेड्यांतून रोज सकाळी मेंढ्या-शेळ्यांचे कळप, नांगराचे बैल आणि ओझ्याची गाढवं बाहेर पडत आणि संध्याकाळी परतत. त्यांच्या पावलांनी खणलेल्या वाटा आजही जमिनीत उरल्या आहेत. पुरातत्त्वज्ञांनी त्या मोजल्या, तेव्हा एकूण लांबी सुमारे ६,००० किलोमीटर भरली. त्या काळच्या राजांनी विटांवर आपली नावं उमटवली. वाटेनं चालणाऱ्या बहुतेकांचं नाव कुठेच राहिलं नाही. तरीही त्या गावांत माणसं एकमेकांशी कशी वागत होती, हे मला राजाच्या विटेपेक्षा या वाटा अधिक खरेपणानं सांगतात असं वाटतं. म्हणून त्यांची आणि त्या वाचणाऱ्यांची ही हकिगत.

आधी मुलूख पाहू. उत्तरेला तुर्कस्तानचे डोंगर आहेत आणि त्यांच्या पायथ्यापासून दक्षिणेकडे पसरत जाणारं सपाट, तांबूस-तपकिरी मैदान. डोंगराजवळ पाऊस बरा असतो. दक्षिणेकडे जावं तसा तो आटतो. मैदानाच्या मध्यावर वर्षाला ३०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, तोही हिवाळ्यात. आपल्या दुष्काळी तालुक्यांतल्या शेतकऱ्यालाही हा आकडा कमी वाटेल. खाली दक्षिण इराकात सुमेरच्या शहरांनी कालव्यांवर शेती केली. इथली मोठी शेती आभाळावरच होती. पीक मुख्यतः जवाचं, आणि जोडीला लोकरीसाठी मेंढ्या.

या सपाट मैदानात मधूनमधून मातीची टेकाडं उठलेली दिसतात. अरबीत त्यांना टेल म्हणतात. मराठी वाचकाला ती परकी वाटायचं कारण नाही, कारण आपल्याकडे त्यांना पांढरी म्हणतात. गावाची जमीन ती पांढरी, शेताची ती काळी. मातीची घरं पडतात, त्याच ढिगाऱ्यावर नवी उठतात, चुलीची राख आणि फुटकी मडकी तिथेच जिरतात, आणि गाव हळूहळू स्वतःच्याच मातीवर वर चढत जातं. घोड नदीकाठच्या इनामगावची पांढरी खणूनच पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिथल्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचं जगणं उजेडात आणलं. खाबूरच्या खोऱ्यातली टेकाडं याच जातीची आहेत, फक्त आकारानं अवाढव्य. त्यांतलं टेल ब्राक हे टेकाड भोवतालच्या मैदानापासून ४० मीटरहून अधिक उंच आहे. म्हणजे तेरा-चौदा मजली इमारतीएवढी उंची निव्वळ माणसांच्या वस्तीनं गाठली आहे.

ब्राकचं प्राचीन नाव नगर. आपल्या ‘नगर’ शब्दाशी त्याचा काही संबंध नाही. जुळलेला उच्चार तेवढाच. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या सहस्रकातच तिथे मोठी नागर वस्ती होती, आणि तिसऱ्या सहस्रकाच्या मध्याला नगर हे या खोऱ्यातलं प्रमुख राज्य झालं. तिथून चाळीस-पन्नास किलोमीटरवर, आजच्या टेल बेदर या जागी, नबादा नावाचं दुय्यम ठाणं होतं. तिथे १९९३ पासून कीलाकार लिपीतल्या मातीच्या पाट्या सापडू लागल्या. त्यांची संख्या दोनशेहून अधिक झाली. त्या कोठाराच्या रोजकीर्दी आहेत: कुणाला किती धान्य दिलं, किती बैल आहेत, मेंढ्या किती, नगरचा राजा दौऱ्यावर आला तेव्हा त्याच्या गाढवांना किती चारा घातला. आपल्या कुलकर्ण्याच्या दप्तरात शोभाव्यात अशा नोंदी.

या नगरची ख्याती होती कुंगा या जनावराबद्दल. रथाला आणि राजाच्या गाडीला जुंपायचं हे जनावर इतकं महाग, की दूर पश्चिमेच्या एब्ला शहरातून त्यासाठी चांदी येई. कुंगा म्हणजे नेमकं कोणतं जनावर, हा प्रश्न अभ्यासकांना बरीच वर्षं छळत होता. २०२२ साली प्राचीन हाडांतल्या डीएनएवरून उत्तर मिळालं: पाळीव गाढवीण आणि सीरियाचा रानगाढव यांचा तो संकर होता. माणसानं हेतुपुरस्सर घडवलेला, आज ठाऊक असलेला हा सर्वांत जुना प्राणिसंकर. घोडा या भागात रूढ होण्याआधी या वाटांवर त्याची खुरं वाजली.

एवढं सगळं टेकाडांच्या पोटातून बाहेर आलं. वाटा मात्र टेकाडाच्या बाहेर, उघड्या रानात होत्या, आणि तरीही त्या दिसायला फार वेळ लागला.

त्याचं कारण त्यांच्या मापात आहे. आज या वाटांची रुंदी ६० ते १२० मीटर आणि खोली बहुतेक ठिकाणी अर्धा ते दीड मीटर आहे. हजारो वर्षांच्या पावसानं काठ ढासळून पसरले आहेत. शंभर मीटर रुंद आणि मीटरभर खोल घळण माणसाच्या डोळ्याला घळण वाटतच नाही. जमीन जराशी लवली आहे एवढंच जाणवतं. १९३७ आणि १९३८ साली मॅक्स मॅलोवन या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञानं ब्राकचं टेकाड खणलं. त्याला तिथे मोठ्या डोळ्यांच्या शेकडो दगडी मूर्तींचं देऊळ मिळालं, अक्कादचा सम्राट नराम-सिन याचं नाव उमटवलेल्या विटांची भक्कम वास्तू मिळाली. त्याची बायको अगाथा ख्रिस्ती तिथे मुक्कामाला असे. रहस्यकथा लिहिता लिहिता ती सापडलेल्या वस्तू साफ करी, त्यांचे फोटो काढी. खणणाऱ्यांच्या पायांखाली, छावणीच्या अवतीभवती, त्या वाटा पसरल्या होत्या. पण त्या जमिनीवरून वाचता येण्याजोग्या नव्हत्या. त्यासाठी वर जावं लागणार होतं.

वर आधी गेला तो एक पाद्री. आंत्वान प्वादबार हा फ्रेंच जेझुइट. सीरिया फ्रान्सच्या ताब्यात असताना, १९२५ पासून पुढची काही वर्षं, तो फ्रेंच हवाई दलाच्या विमानांतून वाळवंटावर फिरला. सूर्य कलता असताना जमिनीवरच्या बारीकशा उंचवट्याचीही सावली लांब पडते, हे त्यानं हेरलं होतं. तो शोधत होता रोमन साम्राज्याची सरहद्द, तिचे किल्ले आणि रस्ते. त्याचं पुस्तक १९३४ साली आलं आणि हवाई पुरातत्त्वाचा तो पाया ठरला.

१९५० च्या दशकात व्हान लीर हा मृदाशास्त्रज्ञ आणि लोफ्रे हा त्याचा सहकारी हवाई छायाचित्रं पुढ्यात घेऊन बसले. माती पाहायची सवय असलेल्या या नजरेला टेकाडांभोवती काही वेगळंच दिसलं. चाकाच्या तुंब्यापासून आरे निघावेत तशा गडद रेघा टेकाडापासून सगळ्या दिशांना निघत होत्या. त्यांनी त्यांचे नकाशे काढले आणि या वाटा कांस्ययुगातल्या असाव्यात असं म्हटलं. लेख एका विद्वानी नियतकालिकात छापला गेला, आणि पुढे जवळपास चार दशकं त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही.

हा धागा पुन्हा उचलला टोनी विल्किन्सन यांनी. ते ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ, आणि टेकाडाइतकंच टेकाडाबाहेरचं शिवार महत्त्वाचं आहे असं मानणारे. १९८० च्या दशकात ते सीमेपलीकडच्या उत्तर इराकात टेल अल-हवाच्या शिवारात पायी हिंडले. रान चालत जायचं, ठरावीक अंतरावर चौकोन आखायचा आणि त्यातली खापरं मोजायची, असं त्यांचं काम. गावापासून दूर, जिथे कधी घर नव्हतं अशा शेतांतही बारीक झिजलेली खापरं विखुरलेली होती. ती तिथे आली कशी? गावखेड्यात वाढलेल्या मराठी माणसाला याचं उत्तर सांगावं लागणार नाही. घरातली राख, शेण, केरकचरा उकिरड्यावर जातो, फुटक्या मडक्याचे तुकडेही त्याच्यासोबत, आणि पेरणीआधी उकिरडा शेतात जातो. विल्किन्सन यांनी हाच अर्थ लावला: ही खतावलेली शेतं होती. गावाभोवती आधी खतावलेल्या जमिनीचं कडं आणि त्या कड्याला छेदत बाहेर जाणाऱ्या खोल वाटा. १९९३ साली त्यांनी या वाटांवर सविस्तर निबंध लिहिला आणि विषय पुन्हा जिवंत झाला.

यानंतर मदत आली ती अगदी अनपेक्षित जागेहून. १९६० ते १९७२ या काळात अमेरिकेनं कोरोना नावाचे हेरउपग्रह आकाशात सोडले होते. सोव्हिएत संघाचे क्षेपणास्त्र तळ आणि विमानतळ शोधणं हे त्यांचं काम. अंतराळातून चित्र खाली पाठवायचं तंत्र तेव्हा कच्चं होतं, म्हणून फिल्मची गुंडाळीच डब्यात घालून खाली सोडत. डबा पॅराशूटनं उतरू लागला की पॅसिफिक महासागरावर घिरट्या घालणारं विमान मागे सोडलेल्या आकड्यांनी तो हवेतच झेली. ऑगस्ट १९६० मध्ये हे पहिल्यांदा साधलं. पुढच्या बारा वर्षांत आठ लाखांहून अधिक छायाचित्रं जमली आणि तिजोरीत गेली. फेब्रुवारी १९९५ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशानं ती खुली झाली.

या छायाचित्रांचं मोल दोन गोष्टींत आहे. नंतरच्या काळातल्या उपग्रहांच्या कॅमेऱ्यांना दोनेक मीटरची वस्तूही टिपता येत होती. आणि दुसरं म्हणजे त्यांनी जे शिवार टिपलं, ते नंतरच्या धरणांच्या, कालव्यांच्या आणि खोल नांगरटीच्या आधीचं आहे. हिवाळ्याच्या पावसानंतर घेतलेल्या चित्रांत या वाटा शाईनं ओढल्यासारख्या उठून दिसतात, कारण लवणात ओल साठते, ओली माती गडद दिसते आणि तिथलं गवतही दाट असतं. जमिनीवरून न जाणवणारा मीटरभर उतार शेकडो किलोमीटरवरून ओलीच्या रेघेनं स्वतःची ओळख सांगतो.

जेसन उर या अमेरिकी संशोधकानं ही चित्रं चिकाटीनं वाचली. १९९९ ते २००१ या वर्षांत ते खाबूरच्या पूर्व भागातल्या हामूकार या सुमारे १०० हेक्टरांच्या प्राचीन शहराच्या शिवारात पाहणी करत होते. चित्रात दिसलेली रेघ जमिनीवर जाऊन पाहायची आणि जमिनीवरची खापरं चित्रावर नोंदवायची, असं दुहेरी काम चाललं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातून सबंध खोऱ्यातल्या वाटांचं जाळं समोर आलं. बेदरच्या वर्तुळाकार तटात जिथे खाचा आहेत, नेमक्या तिथे वाटा येऊन भिडतात. म्हणजे त्या खाचा वेशीच्या आहेत. काही वाटा एका वस्तीतून दुसरीत जातात, आणि एकामागून एक गाव जोडत लांबचा मार्ग तयार होतो. हा मार्ग कुठल्या राजानं आखलेला नव्हता. दूरचा व्यापारीही गावागावांच्या पाणंदींतूनच चालत होता.

या वाटा खरंच वाटाच आहेत का, अशी शंकाही घेतली गेली. काही अभ्यासकांचं म्हणणं होतं की हे पावसाचं पाणी गोळा करायचे चर असावेत. त्यांत पाणी वाहिलं आणि साठलं हे खरंच आहे. खणून पाहिलेल्या छेदांत पाण्यानं आणलेल्या गाळाचे थर दिसतात. पण पाण्यासाठी खणलेला चर उताराच्या मर्जीनं जातो. या रेघा चढ ओलांडतात, पाणलोटाच्या माथ्यावरून पलीकडे उतरतात. चढावर चढण्याची गरज पावलांना असते. वाट आधी पावलांनी दबली, दबलेल्या जमिनीत पाणी मुरेना, न मुरलेलं पाणी तिच्यातूनच धावू लागलं आणि ती आणखी खोल झाली. आपली पाणंद होते तशीच.

वाटेचं वय काढणं त्याहून अवघड. घराच्या थरात मडकं सापडतं, वाट म्हणजे पोकळी. पोकळीत काय सापडणार? म्हणून वाट ज्या टेकाडांना जोडते, त्यांचं वय पाहतात. ज्या टेकाडांभोवती हे आरे दाट आहेत, त्यांच्यावर बहुतेक वेळा तिसऱ्या सहस्रकातली, म्हणजे इसवी सनापूर्वी २६०० ते २२०० च्या आसपासची मोठी वस्ती आढळते. सगळ्या वाटा त्याच काळातल्या नाहीत. काही नंतरच्या वस्त्यांच्या आहेत, आणि जेसी कॅसाना यांनी पश्चिम सीरियात आणि नैऋत्य इराणातही अशी आरेदार जाळी दाखवली आहेत.

या नकाशातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे बहुतेक वाटा कुठेच पोहोचत नाहीत. शहरापासून निघतात, तीन ते पाच किलोमीटर स्पष्ट दिसतात आणि मग विरून जातात. पलीकडे गाव नाही, विहीर नाही, नदीही नाही. वाट मधेच का संपावी?

कारण तिथे शेतं संपत होती. गावाजवळ दोन्ही बाजूंना उभा जव होता. कळपातली एक मेंढी जरी आत शिरली तरी कुणाचं तरी वर्षाचं धान्य जात होतं. म्हणून गुराखी कळप पट्टीतच ठेवी, आणि हजारो खुरं त्याच पट्टीत पडत. शेताची हद्द ओलांडली की पुढे मोकळं गायरान. तिथे कळप पांगे, खुरं विखुरत, आणि जमीन झिजायची थांबे. मोठ्या शहराच्या वाटा लांब जातात, खेड्याच्या लवकर विरतात, कारण खाणारी तोंडं जितकी जास्त तितकं शेतीचं कडं रुंद. पाच किलोमीटरचं कडं म्हणजे सुमारे ७,८५० हेक्टर जमीन. पावसावरच्या शेतीनं इतक्या लांबून धान्य वाहून आणायलाही मर्यादा होती. विल्किन्सन यांच्या मते म्हणूनच इथली शहरं १०० हेक्टरांच्या आसपास येऊन थांबली. वाटा खोल झाल्या त्या गर्दीमुळे, हे उघड आहे. पण गर्दी मोकळ्या रानातही होती आणि तिथे खूण उरली नाही. खूण उरली ती जिथे शेजाऱ्याच्या पिकात पाय टाकायचा नाही हा नियम पाळला गेला तिथे, आणि तोही एक-दोन वर्षं नव्हे, शतकानुशतकं, हजारो माणसांकडून. बेदरच्या पाट्यांत मेंढ्यांची संख्या मिळते. कळप पट्टीतच ठेवण्याची ही सवय मिळते ती या वाटेच्या खोलीत.

मग ही शहरं विरळ झाली. इसवी सनापूर्वी २२०० च्या सुमाराला हामूकार आणि याच खोऱ्यातलं लैलान यांसारखी शहरं ओस पडली किंवा आक्रसली. ब्राकही लहान झालं. लैलानचे उत्खननकार हार्वी वाइस यांनी १९९३ साली सहकाऱ्यांसह मांडलं की याच्या मुळाशी एकाएकी आलेला दीर्घ दुष्काळ होता. सगळं खापर हवामानावर फोडावं का, याबद्दल अभ्यासकांत अजून मतभेद आहेत. अक्कादच्या सत्तेची धामधूम आणि जमिनीवर वाढलेला ताण हेही कारणांत धरले जातात. पण त्या सुमाराला जगाच्या बऱ्याच भागांत पाऊस रोडावला, याची एक खूण आपल्या देशात आहे. मेघालयातल्या मॉम्लुह गुहेतल्या चुनखडीच्या थरात तो बदल नोंदला गेला, आणि २०१८ साली भूशास्त्रज्ञांनी तेव्हापासूनच्या कालखंडाला मेघालयन हे नाव दिलं. खाबूरच्या वाटेवरचा धुरळा खाली बसला आणि मेघालयातल्या गुहेतलं पाणी कमी ठिबकलं, ते याच सुमाराला.

माणसं गेल्यावर वाटा पुसल्या जायला हव्या होत्या. पण त्या इतक्या खोल गेल्या होत्या की पुढची चार हजार वर्षं पाऊस त्यांच्यात साठत राहिला आणि त्या हिरव्या होत राहिल्या. अलीकडच्या दशकांत ट्रॅक्टरच्या नांगरटीनं आणि कालव्यांनी त्यांतल्या कितीतरी भरून काढल्या. २०११ नंतरच्या युद्धानं तिथलं संशोधन थांबलं. आज त्यांतल्या अनेक वाटा फक्त हेरगिरीसाठी काढलेल्या त्या फिल्मवर शिल्लक आहेत.

आपल्या पाणंदीही भरत चालल्या आहेत. कुणी बांध कोरतो, कुणी वाट नांगरून शेतात घेतो, आणि वाद तहसीलदारापर्यंत जातो; अडवलेली वाट मोकळी करून देण्यासाठी १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आजही वापरला जातो. शेत-पाणंद रस्त्यांच्या सरकारी योजनांतून मुरूम आणि खडी येते, आणि ती यायलाच हवी. चिखलात रुतलेला ऊस शेतकऱ्याला परवडत नाही. माझं मागणं एवढंच आहे की भराव पडण्याआधी कुणीतरी टेप घेऊन त्या पाणंदीत उतरावं. तिची रुंदी मोजावी, बांधापासून खोली मोजावी, ती पांढरीच्या कोणत्या बाजूनं निघते आणि कोणत्या शिवेवर विरते ते लिहावं, म्हाताऱ्यांना विचारून तिचं नाव टिपावं. गावच्या शाळेतली मुलं हे काम दोन दिवसांत करतील. आपण पांढरी खणायला शिकलो आहोत. तिच्यातून बाहेर पडणारी वाट वाचायलाही शिकलं पाहिजे.

कोरोनाच्या एका छायाचित्रात ब्राकच्या टेकाडापासून निघालेल्या रेघा दिसतात. टेकाडाजवळ त्या गडद आहेत. बाहेर जाताना फिकट होतात, आणि एका जागी नजरेला रेघ कुठे संपली ते सांगता येत नाही. त्या जागी शेवटचं शेत मागे पडलं होतं, आणि कळपासमोर आडवी धरलेली काठी गुराख्यानं खाली घेतली होती.